होडीचा वाटा

आमच्या घराला दोन तोंडं होती. मागचं दार खाडीकडे उघडायचं आणि पुढचं रस्त्याकडे. माझ्या लहानपणी मागचं दार हेच खरं दार होतं. पाहुणे तिकडून यायचे, मासळी तिकडून यायची, आजोबा मिठागरावरून तिकडूनच घरी यायचे. पुढच्या दाराशी बैल बांधलेले असायचे, त्यामुळे तिकडून येणारा माणूस शेणातून वाट काढत यायचा. मग शहर आलं. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली, शेजारच्या पावणे गावाच्या बाजूला कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि नव्वद सालानंतर आमच्या पुढच्या दारावरून रिक्षा आणि टेम्पो धावायला लागले. ज्याच्या घराचं तोंड रस्त्याला तो एका रात्रीत शहाणा ठरला, आणि ज्याचं खाडीला त्याला लोक ‘अजून चिखलातच आहे’ म्हणायला लागले. घरं तीच, माणसं तीच. फक्त बघायची बाजू बदलली.

आमच्या घरात एकच माणूस शेवटपर्यंत खाडीच्या बाजूचं राहिलं, ते म्हणजे माझी आत्या. बाबांच्या पाठची आणि काकांपेक्षा मोठी. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा ती तिथं रडत बसली नाही. ‘तुझं तुला लखलाभ’ म्हणाली आणि पहिल्या भरतीला माहेरी निघून आली. माहेरी आल्यावरही ती कोपऱ्यात बसली नाही. आजोबांच्या हातात वल्हं मारायची ताकद उरली नव्हती, तेव्हा त्यांची होडी तिनं हातात घेतली. होडीला आमच्याकडे होरी म्हणतात. बाई होरी हाकते म्हणून गावानं आधी नाकं मुरडली, मग त्याच गावाच्या बायका तिच्याच होडीत टोपल्या घेऊन बसायला लागल्या. आमच्या बाजूला तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या किनाऱ्यावर मासळी विकायची तर एक तर वाशीचा पूल गाठा, नाहीतर ठाण्याला वळसा घाला, तोवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मरायच्या. आत्या भरतीच्या पाण्याबरोबर सरळ पलीकडे सोडायची.

ओहोटीला ती तिवरांच्या झाडीत होडी घालायची आणि चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायची. मी कधी तिच्याबरोबर गेले तर मलाही उतरवायची, मांड्यांपर्यंत. मी रडायला लागले की म्हणायची, “रर, रर. चिखलाला कान नाय.” ती प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. तिची जीभ कालवाच्या शिंपल्यासारखी होती, हात लावला की कापायची. काकूला ती तोंडावर ‘गच्चीवालीन’ म्हणायची, कारण काकूच्या माहेरी स्लॅबचं घर होतं आणि ती ते दिवसातून एकदा तरी सांगायची. काकू तिला मागून ‘चिखली’ म्हणायची. घरात दोन चुली नव्हत्या, पण दोन तोफा होत्या.

पलीकडे माल खपला नाही तर आत्या वाशीच्या घाऊक बाजाराच्या फाटकाशी जाऊन बसायची. तिथले हमाल सगळे साताऱ्याकडचे, डोंगरातले. दोन-दोन पोती पाठीवर घेणारे ते गडी चिंबोरी वळवळली की चार पावलं मागं सरायचे. आत्या त्यांना नांगी मोडून दाखवायची, रस्सा कसा करायचा ते सांगायची आणि वर टोमणा मारायची, “ही चावत नाय रं, तुजी बायको बरी काय हिच्यापेक्षा?” ते हसायचे आणि न्यायचे. संध्याकाळी ती घरी यायची ती स्वतःच्या कमाईचं सामान घेऊन. कोणाच्या ताटातलं खात नाही, हे तिला रोज दाखवून द्यायचं असायचं. होडी होती म्हणून ते दाखवता यायचं. होडीशिवाय ती माहेरी येऊन पडलेली बाई होती, आणि हे तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

आजोबा गेले. आत्यानं माहेरच्या मिळकतीवरचा हक्क सोडल्याचा अंगठा तेराव्यालाच दिला. आमच्याकडे बहिणी देतातच. पाटावर बसवून तिला हिरवी साडी दिली, आणि तिनं ती काकूच्या मोलकरणीला देऊन टाकली. पुढं शहरासाठी सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळायची वेळ आली आणि दोघा भावांना एकमेकांचं तोंड नकोसं झालं. प्लॉट दोघांच्या नावावर सारखा होता, त्यावर भांडण नव्हतं. भांडण राहत्या घराचं होतं. तेव्हा मी वाशीला कॉलेजात जात होते, म्हणजे पुढचं सगळं मी चांगल्या जाणत्या वयात बघितलंय. कोणी मला सांगितलेलं नाही.

वाटणीची आमच्या गावची रीत सोपी आहे. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला लबाडी करून एक वाटा जड करेल तर धाकटा तोच उचलून नेईल, म्हणून थोरला गपगुमान सारखे वाटे करतो. रीत करणाऱ्या माणसाला भाऊ काय चीज असते ते नीट माहीत असणार. एकदा उचललेला वाटा परत ठेवायचा नाही, हाही तिचाच भाग.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी ओटीवर गावातले चार वडीलधारे येऊन बसले. चहा झाला. काका खांबाला टेकून होते, काकू दाराआड. आई आणि मी आतल्या उंबऱ्यावर. आत्या मागच्या दारात बसून जाळं विणत होती, तिचा या कामाशी संबंध नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं.

बाबा घसा खाकरून उभे राहिले. मिटिंगमध्ये बोलावं तसं ते बोलायला लागले.

“घराची मधून भिंत. पयला वाटा, खाडीकडची बाजू. त्याच्यात मागचं आंगन, तांब्याचे दोन्ही हंडे, जाली आनि होरी. दुसरा वाटा, रस्त्याकडची बाजू. त्याच्यात लाकडी कपाट, शिलाई मशीन...” इथं ते थांबले. “आनि बाय.”

बाय म्हणजे आत्या. जाळ्याची सुई थांबलेली मला दिसली.

एक म्हातारा म्हणाला, “बाय काय हंडा हाय काय रं, वाट्यान घालाला?”

“तसा नाय,” बाबा त्या म्हाताऱ्याला एकदम मऊ आवाजात म्हणाले. “तिला कोनाच्या तरी दारान जेवाला लागंल का नाय? उद्या दोगांनी हात वर केले तर ती जाईल कंय? म्हनून आजच ठरलेला बरा. जो रस्त्याकडचा घेईल त्यानी बायला मरेपरेंत सांभालाची. तिची एक खोली, तिचा जेवन, तिचा दवापानी. मंग टेन्शन नाय कोनाला.”

म्हातारे माना डोलवायला लागले. बहिणीचा विचार करणारा भाऊ त्यांच्या समोर उभा होता, त्यांना भरून आलं. मला मात्र काकू दिसत होती. दाराआडून तिनं काकांकडे बघून मान अशी जोरात हलवली की तिच्या कानातलं गळ्यावर आपटलं. आत्याला जन्मभर पोसायचं, आत्याची जीभ जन्मभर ऐकायची, त्यापेक्षा खाडीचा वास परवडला. काकांनी रस्त्याकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे, जिथं त्यांची सख्खी बहीण बसली होती.

“मना खाडीकडचा,” ते म्हणाले.

तराजूचं एक पारडं खाली जात असेल तर मासळीवाली दुसऱ्यात दगड टाकते, त्याला धडा करणं म्हणतात. माझ्या बापानं आपल्या बहिणीचा धडा केला होता. रस्त्याकडची बाजू सोन्यासारखी, ती धाकटा उचलणार हे उघड होतं. म्हणून तिच्यात असं काहीतरी टाकायचं होतं की धाकट्यानं हात मागं घ्यावा. घरात तशी वस्तू एकच होती.

आत्याला ते माझ्याआधी कळलं. ती उठून ओटीवर आली, जाळं हातातच होतं. हसत होती, आणि तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

“मना होरीच्या वाट्यान टाका,” ती म्हणाली. “खोली नुको, जेवन नुको. मी मागं पडवीन झोपंन. मी आनि होरी एका जागेव ऱ्हाऊ द्या. माजा मी खाईन.”

काका जमिनीकडे बघत राहिले. काकू आतून म्हणाली, “आमचा वाटा उचलून झाला.”

“आता नाय होत, बाय,” बाबा म्हणाले. “उचललेला वाटा परत ठेवत नाय.”

म्हाताऱ्यांनी मान डोलवली. रीत ती रीत. जाताना त्यातल्या एकानं बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. बाबांनी साळसूदपणे डोळे पुसले. खोटं सांगत नाही, खरंच पुसले.

महिन्याभरात घराच्या मधोमध विटांची भिंत चढली आणि मागचं दार आमच्याकडून कायमचं गेलं. खाडी कानाला ऐकू यायची, पण तिच्यापर्यंत जायचं तर अख्ख्या गावाला वळसा. भिंतीचं प्लास्टर ओलं असतानाच बाबांनी पुढची ओटी फोडून दोन गाळे काढले आणि शटर बसवली. एकात हार्डवेअर, दुसऱ्यात व्हिडिओ गेमचं दुकान. भाडं सुरू झालं. तेव्हा कुठं काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते शटरसमोर उभे राहून वर बघत होते आणि तोंडाचा रंग उतरत चालला होता. भावानं फसवलं हे कळलं, पण बोलणार काय? वाटा स्वतःच्या हातानं उचललेला. भावाला तर काही करता येत नव्हतं, मग भावाच्या वाट्यातली जी वस्तू हाताशी होती तिच्यावर त्यांनी राग काढला.

आत्या त्यांच्याकडे होडी मागायला गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. गावाला वळसा घालून आम्ही मागच्या अंगणात पोचलो. काकांनी चार माणसं लावून होडी पाण्यातून ओढून वर आणली होती, अगदी आंब्याच्या पलीकडे, उन्हात.

“मना चालवाला दे,” आत्या म्हणाली. “निम्मी मासली तुजी.”

“तुजा खाना-पिना दादाकडं हाय ना?” काका म्हणाले. “मंग माज्या होरीशी तुजा काय संबंद?”

“होरी पान्यान ठेव तरी. सुकंल ती.”

“सुकू दे. माजी हाय.”

लाकडी होडी पाण्याबाहेर ठेवली की फळ्या आकसतात, सांध्यातला कापूस गळतो आणि मग ती पाण्यात घालायच्या लायकीची राहत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काकांनाही माहीत होतं, म्हणूनच तर ओढली. दुसऱ्या दिवसापासून आत्या गावाला वळसा घालून जायची, खाडीतून बादल्या भरायची आणि होडीवर ओतायची. वर ओली गोणपाटं पसरायची. काकू ती काढून फेकायची, म्हणायची दारात घाण नको. आत्या ती उचलून पुन्हा पसरायची. असं करत करत एक दिवस काकांनी बांबूचं कुंपण घातलं आणि कडी-कुलूप लावलं. त्यानंतर आत्या कुंपणाबाहेरून बादली उंच करून पाणी फेकायची. निम्मं तिच्याच अंगावर यायचं. लोक बघायचे, हसायचे. मीही एकदा हसले असते, इतकं ते बघायला विचित्र होतं.

घरी तिचे हाल वेगळे होते. बाबांनी तिला खोली दिली, म्हणजे जिन्याखालची जागा. जेवण दिलं, आणि ते फुकट जाऊ नये म्हणून कामंही दिली. गाळ्यांपुढचं अंगण झाडायचं, दुकानदारांचा चहा करायचा, कप विसळायचे. व्हिडिओ गेमवाला पोरगेला माणूस तिला ‘ए मावशी’ म्हणून हाक मारायचा. ज्या जिभेला सगळं गाव टरकायचं ती जीभ हळूहळू बंद पडत गेली. बाहेरच्यांना वाटलं आत्या सुधारली.

एका दुपारी तिनं बाबांना विचारलं, “दादा, तू एकदा त्याला सांग. तुजा ऐकंल तो.”

बाबा जेवत होते. “कशाला? जेवन भेटतंय ना दोन टाइम?”

खरं कारण मला माहीत होतं. काकांच्या पुढ्यात होडीचा विषय काढला असता तर काकांनी गाळ्यांचा विषय काढला असता, आणि बाबांना तो झाकलेलाच बरा होता. मी ते तोंडावर बोलले. म्हटलं, गाळ्यासाठी आत्याला विकलीत तुम्ही. थोबाडीत बसली, उष्ट्या हाताची. आईनं त्यांच्या ताटात भात वाढला. आत्या मला म्हणाली, “तू गप ऱ्हा. तुजा लगीन व्हायचा हाय.”

फाल्गुन आला. गावची होळी मोठी असते. आठवडाभर आधीपासून पोरं घरोघर लाकडं मागत फिरतात आणि कोणी नाही म्हणत नाही. त्या दिवशी दुपारी आत्या गाळ्यापुढे कप विसळत होती, मी शेजारी उभी होते. भिंतीपलीकडून कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. कोणी लाकूड फोडतंय एवढंच मला वाटलं. आत्या मात्र उठली. तिचे हात तसेच ओले. ती आत भिंतीपाशी गेली, जिथून पूर्वी मागच्या दाराकडे जाता यायचं, आणि विटांवर दोन्ही हात आपटले. मग तिला आठवलं की इथून वाट नाही, आणि ती बाहेर धावत सुटली. मी तिच्यामागं. अख्ख्या गावाला वळसा. देऊळ, विहीर, मैदान, मच्छी सुकवायचा ओटा. वाटेत तिची एक चप्पल तुटली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात भुसा आणि डांबराचे तुकडे उरले होते. फळ्या मैदानात गेल्या होत्या, होळीवर. म्हणजे आम्ही त्यांच्या बाजूनंच धावत आलो होतो. काकू म्हणाली, “जागा अडत होती. आनि तशी पन सुकलीच होती.” काका तिथं नव्हते. ते होळीपाशी मानानं नारळ बांधत होते.

आत्या मैदानात गेली आणि होळीच्या ढिगातून एक फळी ओढायला लागली. होडीच्या नाकाची फळी होती, वाकडी. चारचौघांनी तिला धरलं. वाटणीला आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक तिथं होता. तो अगदी मायेनं म्हणाला, “बाय, होलीव पडलेला लाकूड काढाचा नाय. देवाचा झाला तो.”

तिनं फळी सोडली. तिच्यासाठी गावाकडे दर वेळी रीत तयार असायची, आणि दर वेळी ती तिच्याकडून काही ना काही घेऊन जायची. मला त्या म्हाताऱ्याचा, काकांचा, सगळ्या गावाचा राग आला. पण सगळ्यात जास्त राग बाबांचा होता. त्यांनी कुऱ्हाडीला हातसुद्धा लावला नव्हता.

दिवेलागणीला होळी पेटली. डांबरामुळे ज्वाळा काळ्या धुराच्या आणि उंच आल्या, लोक खूश झाले. बायकांनी फेर धरला, गाणी म्हटली. आत्यानंही प्रदक्षिणा घातली, नैवेद्य ठेवला. काकूच्या मागोमाग ती चालत होती. रडली नाही. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झटकला.

सकाळी धुळवडीच्या वेळी ती घरात नव्हती. मी बघायला गेले तर मैदानात राखेत बसली होती, शेजारी मासळीची टोपली. हातानं राख उपसून होडीचे खिळे शोधत होती. मोठे लोखंडी खिळे, काही वाकलेले, काही अजून गरम. बोटं भाजलेली दिसत होती. मी म्हटलं, सोड ना आत्या, काय करणार याचं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

टोपली भरल्यावर ती उठली. काकांच्या अंगणात गेली, कुंपणाची कडी उघडीच होती. काका रंग खेळायला निघाले होते. तिनं टोपली त्यांच्या पायाशी पालथी केली.

“तुज्या वाट्याचा हाय,” ती म्हणाली. “मोजून घे.”

मग ती गावाला वळसा घालून आमच्याकडे आली, रिकामी टोपली तशीच कमरेवर, तिच्यातली राख वाटभर सांडत. बाबा गाळ्यापुढे खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. धुळवड म्हणून दुकानं बंद होती. आजूबाजूला दोन-चार जण उभे होते, हातात गुलाल घेऊन.

“दादा,” आत्या म्हणाली, “त्यानी त्याचा वाटा जालला. तुजा कवा जालतस?”

बाबांनी बशीतला चहा संपवला. खाली बघितलं. शटरच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत राखेची रेघ पडली होती.

“आधी हा झारून घे,” ते म्हणाले. “दुकानाचा तोंड हाय.”

आत्यानं टोपली खाली ठेवली आणि आत जाऊन झाडू घेऊन आली.